ध्रुव खरंच अढळ आहे का? शिंप्याची टेप घेऊन गच्चीवर चला

मागच्या डिसेंबरात एका रात्री मी पुराव्यानिशी सिद्ध केलं की पुण्यातली आमची गच्ची जळगावच्या अक्षांशावर आहे.

साहित्य अगदी शाळेतलं. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली कागदी स्ट्रॉ, मधल्या भोकातून सोडलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला नट. स्ट्रॉमधून ध्रुव तारा बघायचा, दोरा कुठल्या आकड्यावर लोंबतोय ते वाचायचं, झाली ताऱ्याची उंची. आणि ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे आपण सगळे भूगोलात शिकलोय. उत्तर ध्रुवावर उभे राहिलात तर तो बरोबर डोक्यावर, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला, मध्ये कुठेही असलात तर त्या प्रमाणात. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. मला आले २१. एकदा नाही, दहा वेळा मोजलं, दहाही वेळा २१ च्या आसपासच.

१ अंश म्हणजे जमिनीवर उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. अडीच अंश चुकलो म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर चुकलो. आता गंमत बघा, मी दिवसभर जे काम करतो ते म्हणजे आकाशातल्या स्रोतांच्या जागा किती अचूक मोजल्यात हे तपासणं. घरी कुणाला काही बोललो नाही.

पण त्या अडीच अंशांनी झोप उडवली हे खरं. कारण दहा वेळा मोजून दहाही वेळा तेच येत असेल, तर ते "हात हलला, वारा आला" या प्रकारातलं नसतं. हात हलला की आकडे विखुरतात. कधी जास्त, कधी कमी. अशी विखुरलेली चूक सरासरीत बऱ्यापैकी मरते. दुसरी चूक असते एकतर्फी. ती दर वेळी त्याच दिशेला, तेवढीच ढकलते, आणि शंभर वेळा मोजलंत तरी सरासरीसुद्धा तेवढीच ढकललेली राहते. शंभर वेळा मोजल्यामुळे उलट आपला खोटा आत्मविश्वास वाढतो. संशोधनात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं मला कुणी विचारलं, तर उत्तर हेच आहे. या दुसऱ्या चुकीला पकडण्यात.

तर मी दुसरं यंत्र केलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे, कारण ते करायला सोपं आहे, आणि त्याने एक अशी गोष्ट दिसते जी मी स्वतः मोजेपर्यंत फक्त वाचलेली होती: ध्रुव हलतो.

मोठं यंत्र

कंपासपेटीतल्या कोनमापकाची अडचण त्याच्या आकाराची आहे. त्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली, तर १ अंश म्हणजे कडेवर ०.९ मिलिमीटरसुद्धा नाही. दोऱ्याची जाडीच अर्धा मिलिमीटर. मग वाचणार काय? त्रिज्या वाढवायची. आणि वाढवायचीच आहे तर थेट ५७.३ सेंटिमीटर करायची. हा आकडा असा विचित्र का? कारण तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या कडेवर १ अंश म्हणजे बरोबर १ सेंटिमीटर होतो. म्हणजे अंशांच्या खुणा आखायला कोनमापक लागतच नाही. शिंप्याची टेप पुरते. टेपवरचा सेंटिमीटर म्हणजे अंश, आणि मिलिमीटर म्हणजे अंशाचा दहावा भाग.

६ मिलिमीटरचा प्लाय किंवा जाड सनबोर्ड घ्या, साधारण ७५ बाय ६५ सेंटिमीटर. खोक्याचा पुठ्ठा घेऊ नका. रात्री दव पडलं की तो पापडासारखा वाकतो, मी करून बसलोय. वरच्या कडेपासून ३ आणि डाव्या कडेपासून १२ सेंटिमीटर आत एक बारीक खिळा ठोका. हे केंद्र. तिथून वरच्या कडेला समांतर उजवीकडे एक रेघ, आणि तिला काटकोनात सरळ खाली दुसरी. खिळ्याला दोरी बांधून ५७.३ सेंटिमीटरवर पेन्सिल धरा आणि कंस काढा. उभ्या रेघेपाशी थांबू नका, तिच्या डावीकडेही दहाएक सेंटिमीटर कंस जाऊ द्या. का ते पुढे कळेल. मग कंसावर कापा.

आता टेप त्या गोल कडेला गुंडाळा, अशी की १० चा आकडा उभ्या रेघेवर येईल. मग १०० चा आकडा आडव्या रेघेवर यायला हवा. नाही आला तर त्रिज्या चुकली किंवा टेप ताणलेली आहे (जुन्या टेपा ताणतात, स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून बघा). जमलं की टेपवरच्या खुणा पेनने प्लायच्या पुढच्या बाजूवर उतरवून घ्या. सेंटिमीटरच्या खुणा सगळीकडे आणि मिलिमीटरच्या फक्त ५ ते १५ आणि २५ ते ३५ एवढ्याच पट्ट्यांत. आपल्याला बाकीच्या लागत नाहीत. गोव्यात ध्रुव साडेपंधरा अंशांवर, नागपुरात एकवीसवर. अख्ख्या महाराष्ट्राचं काम या दहा सेंटिमीटरांत होतं.

बघण्यासाठी नळी नको. नळी रुंद असली की तारा नक्की मध्ये आहे का ते कळत नाही, अरुंद असली की तारा सापडतच नाही. पेन्सिलीभोवती गुंडाळलेल्या २० सेंटिमीटर लांब सुरळीतून सुमारे २ अंश आकाश दिसतं, म्हणजे चार चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर मावतील. एवढ्या जागेत ध्रुव कुठेही असू शकतो. त्यापेक्षा वरच्या कडेवर दोन उभ्या पट्ट्या लावा. उजव्या टोकाच्या पट्टीत ३ मिलिमीटरचं भोक, ते डोळ्यापाशी. खिळ्याच्या बाजूच्या पट्टीवर १० मिलिमीटर भोकाचा वॉशर, भोकाइतक्याच उंचीवर. डोळ्यापासून ५५-५७ सेंटिमीटर दूर असलेला तो वॉशर आकाशात १ अंशाचं गोल कडं दिसतो. तारा त्या कड्याच्या मधोमध आणणं डोळ्याला फार छान जमतं. अंधारात कडं दिसावं म्हणून वॉशरला पांढरा रंग द्या आणि मागून कुणीतरी मोबाइलचा उजेड लाल कागदातून अगदी मंद पाडा.

एक गोष्ट हमखास उलटी होते. डोळा खिळ्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या टोकाला. खिळ्याचं टोक ताऱ्याकडे. उलटं धरलंत तर दोरा कंसाच्या बाहेरच जातो.

दोरा म्हणजे आपला गवंड्याचा ओळंबाच. खिळ्यापासून सोडा, प्लायला घासणार नाही इतका पुढे, आणि लांब ठेवा. खाली वजनदार नट बांधा आणि तो नट पाण्याच्या बादलीत बुडू द्या. दोरा झोके घेत बसत नाही, दोन सेकंदांत स्थिर होतो. अर्थात यासाठी यंत्र हातात धरून चालत नाही. मी मातीने भरलेल्या मोठ्या कुंडीत एक जाड बांबू रोवला आणि प्लाय त्याला एकाच स्क्रूने घट्टसर बसवला, जोर लावला की फिरेल इतपत. कुंडीतली तुळस त्या काळात शेजारच्या डब्यात राहिली.

चौकोनी फळीवर पाव वर्तुळ आणि त्यावर ओळंबा, ही कल्पना अर्थातच माझी नाही. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातल्या एका यंत्राचं नावच तुरीय आहे, म्हणजे चौथा भाग.

खरं शून्य कुठे आहे?

आता मुख्य गोष्ट. भोक आणि वॉशर एकाच उंचीवर आहेत असं आपण म्हणतो, पण २ मिलिमीटरचा फरक राहिला तरी ०.२ अंश गेले. उभी रेघ खरंच काटकोनात आहे का? टेपचा १० बरोबर तिच्यावरच आहे का? यातली प्रत्येक चूक एकतर्फी आहे. माझ्या पहिल्या यंत्रात स्ट्रॉ तिरकी चिकटली होती आणि ते डोळ्याला दिसतही नव्हतं.

उपाय असा. गच्चीच्या दोन टोकांना, आठ-दहा मीटर अंतरावर, साधारण सारख्या उंचीवर दोन खुणा करा. पहिल्या खुणेपाशी डोळ्याकडचं भोक आणा, दुसरी खूण कड्यात पकडा, दोऱ्याचा आकडा लिहा. मग यंत्र उचलून दुसऱ्या खुणेपाशी न्या आणि तिथून पहिलीकडे बघा. पुन्हा आकडा लिहा.

समजा पहिल्यांदा १२.६ आला आणि दुसऱ्यांदा ८.६. दोन्हींची सरासरी १०.६. हेच तुमचं खरं शून्य. संपलं.

हे का चालतं ते नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. दोन खुणा नेमक्या एका पातळीत नसतील, एक थोडी वर असेल. पण इकडून तिकडे जो चढ आहे तोच तिकडून इकडे उतार आहे. एकदा आकडा वाढतो, एकदा तेवढाच कमी होतो, सरासरीत चढ-उतार खलास. यंत्रातली चूक मात्र यंत्राबरोबरच फिरते. ती दोन्ही वेळा एकाच बाजूला ढकलते, म्हणून सरासरीत ती तेवढी शिल्लक राहते. खुणा किती उंचीवर आहेत, गच्चीला पाणी वाहून जायला उतार किती आहे, काही माहीत असायची गरज नाही. (उतारासाठी दोरा १० च्या डावीकडे जातो, म्हणून ती जास्तीची दहा सेंटिमीटर जागा.) खुणेपाशी डोळा १ सेंटिमीटर वरखाली झाला तरी दहा मीटरवर त्याने जेमतेम ०.०६ अंशाचा फरक पडतो.

मोठमोठ्या दुर्बिणींनाही यातून सुटका नाही. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढं अवजड धूड स्वतःच्या वजनाने किंचित वाकतं, वारा त्याला ढकलतो, उन्हाने एक बाजू जास्त तापते. त्यामुळे "अमुक दिशेला बघ" म्हटलं तरी तबकडी जराशी भलतीकडेच बघत असू शकते. अशा दुर्बिणींच्या बाबतीत मग ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असा एखादा तेजस्वी रेडिओ स्रोत निवडतात, तबकडी त्याच्या अलीकडून पलीकडे नेतात, आणि दोन्ही बाजूंना संकेत किती पडतो ते बघून खरा मध्य कुठे आहे ते काढतात. दोन बाजूंनी बघा आणि मध्य काढा. गच्चीवर आपण तेच केलं.

डिसेंबरची रात्र

ध्रुव शोधायला डिसेंबरात सप्तर्षी उपयोगी पडत नाहीत, संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात. शर्मिष्ठा मात्र उत्तरेला चांगली वर असते, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूच्या आकाराची. तिच्या खाली, क्षितिजापासून वीसेक अंशांवर, एकटा मध्यम तेजाचा तारा दिसतो तोच ध्रुव. (उन्हाळ्यात सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू जोडून रेघ पुढे वाढवायची, ती ध्रुवाकडे जाते.) त्या उंचीवर शहराची धूळ आणि दिवे असतात, तेव्हा धीर धरा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमाराला मी दहा वेळा मोजलं. दर वेळी यंत्र हलवून, तारा पुन्हा कड्यात आणून, आणि आधीचा आकडा न बघता. आकडे २९.६ ते २९.९ च्या मध्ये नाचले. सरासरी २९.८. त्यातून खरं शून्य १०.६ वजा केलं: १९.२ अंश.

पुणे १८.५. म्हणजे एकतर्फी चूक काढून टाकल्यावरही ०.७ अंश शिल्लक. मिलिमीटरच्या भाषेत सात मिलिमीटर, आणि माझे आकडे तर दीड-दोन मिलिमीटरच्या आत विखुरलेले. पहिल्या यंत्राच्या वेळी असं झालं असतं तर मी यंत्राला शिव्या घातल्या असत्या. आता घालता येईना. यंत्र तपासून झालं होतं.

मग पहाटे साडेपाचचा गजर लावला. थंडीत गोधडी गुंडाळून पुन्हा दहा वेळा मोजलं. सरासरी २८.९. म्हणजे १८.३ अंश.

आठ तासांत ध्रुव ०.९ अंश खाली आला होता. जवळजवळ दोन पौर्णिमेचे चंद्र एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढा. आणि हा फरक बघताना खरं शून्यही मध्ये येत नाही, कारण ते दोन्ही आकड्यांत सारखंच मिसळलेलं असतं. २९.८ आणि २८.९ मधला फरक तिरक्या स्ट्रॉच्या यंत्रानेही तेवढाच आला असता, फक्त वाचता यायला हवा होता. म्हणून तुम्ही हे घरी करणार असाल आणि खुणांची भानगड कंटाळवाणी वाटली, तरी हा भाग कराच. अक्षांश काढायला शून्य लागतं, हालचाल पकडायला लागत नाही.

झालं काय, तर आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूवर ध्रुव तारा बसलेला नाही. तो तिथून सुमारे ०.६ अंश दूर आहे आणि दिवसभरात त्या बिंदूभोवती एक लहानशी फेरी मारतो. तो शर्मिष्ठेच्या बाजूला कललेला आहे. शर्मिष्ठा त्याच्या वर असेल तेव्हा तो अक्षांशापेक्षा ०.६ ने जास्त उंच दिसतो, सप्तर्षी वर असतील तेव्हा तेवढाच कमी. माझ्या रात्रीच्या मापात तो नेमका फेरीच्या माथ्यावर होता. १९.२ मधून ०.६ वजा करा, हवेमुळे किरण वाकून तारा जो ०.०५ अंश वर उचलल्यासारखा दिसतो तेही वजा करा, आणि पुणं पुण्यात परत येतं. पहाटेपर्यंत तो बिंदूच्या खाली उतरला होता. पहिल्या यंत्राचे २१ अंशही आता समजले: ०.६ ध्रुवाचे, उरलेले सगळे तिरक्या स्ट्रॉचे.

तक्ता न बघता करायचं असेल तर मे महिन्याच्या मध्याला रात्री बाराच्या सुमारास पुन्हा मोजा. तेव्हा ध्रुव फेरीच्या तळाशी असतो. डिसेंबरचा आकडा आणि मेचा आकडा, दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचा अक्षांश. पुन्हा तेच, दोन बाजू आणि मध्य. फक्त या वेळी यंत्र फिरवायचं काम पृथ्वी करते.

अढळपदाची गोष्ट यामुळे खोटी पडते असं मला वाटत नाही. नुसत्या डोळ्याला ०.६ अंशाची फेरी जाणवत नाही. शिवाय हा तारा कायम इतका जवळ नव्हताच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे ११५० च्या सुमाराला, हाच तारा त्या बिंदूपासून सुमारे ५ अंश दूर होता. आपल्या यंत्रावर तेव्हा तो वरपासून खालपर्यंत दहा सेंटिमीटर फिरला असता. सध्या तो जवळ येतोय, २१०० च्या सुमाराला सगळ्यात जवळ असेल, मग पुन्हा दूर जायला लागेल.

एका मिलिमीटरला किती किंमत असू शकते त्याचं एक उदाहरण सांगतो. टायको ब्राहेने डेन्मार्कच्या व्हेन बेटावर दुर्बिणीशिवाय, याच जातीच्या पण भल्यामोठ्या यंत्रांनी मंगळाच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या. १६०१ मध्ये तो गेला, आणि आकडे केप्लरच्या हाती आले. केप्लरने मंगळाची वर्तुळांवर आधारलेली कक्षा बसवली, ती बहुतेक ठिकाणी जुळली, पण काही जागी ८ कलांचा फरक राहिला. ८ कला म्हणजे ०.१३ अंश, आपल्या टेपवर सव्वा मिलिमीटर. दुसऱ्या कुणाचं माप असतं तर केप्लरने तो यंत्राच्या माथी मारला असता. पण टायको आपल्या यंत्रांच्या चुका किती बारकाईने तपासायचा हे त्याला ठाऊक होतं. त्याने वर्तुळच सोडून दिलं, आणि १६०९ मध्ये छापलेल्या ग्रंथात मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा मांडली.

माझ्या प्लायच्या यंत्राने मंगळ काही जमणार नाही. फेब्रुवारीत मात्र अगस्त्याचा बेत आहे. महिन्याच्या सुरुवातीला रात्री दहा-सव्वादहाला तो बरोबर दक्षिणेला, पुण्यातून पावणेएकोणीस अंशांवर येतो. म्हणजे उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, दोघंही एकाच वेळी जवळपास सारख्याच उंचीवर. तुम्ही उत्तरेला सरकलात की ध्रुव जेवढा वर चढतो तेवढाच अगस्त्य खाली जातो, त्यामुळे दोन्ही उंचींची बेरीज (ध्रुवाचे त्या वेळचे सुमारे ०.४ अंश वजा करून) तुम्ही कोल्हापुरात असा की नागपुरात, ३७.३ अंशच यायला हवी. वरती जे काही येईल त्याच्या निम्मी यंत्राची चूक. गच्चीवरच्या खुणांनी काढलेलं १०.६ आणि या दोन ताऱ्यांनी काढलेलं शून्य जुळतं का ते बघायचंय.

आणि हो, भोकातून सूर्याकडे बघू नका, एकदाही नाही. सूर्याची उंची हवी असेल तर वॉशरची सावली मागच्या पट्टीवर पाडा आणि उजेडाचा ठिपका भोकावर आणा.